स्वयंपाकघरातल्या चपला

चाकणच्या कंपनीत मी फ्रीज तपासतो. घरोघरचं अर्थिंग वेगळं असतं, म्हणून चांगल्या, कच्च्या अशा सगळ्या अर्थिंगवर लावून बघतो. त्यामुळे रहाटणीहून 'फ्रीज चावतो', म्हणजे हात लावला की शॉक बसतो, अशी तक्रार आली, तेव्हा मला रागच आला. आमचा फ्रीज चावत नाही, असं म्हणतच मी तिथे गेलो.

पन्नाशीच्या एका बाईंनी दार उघडलं. कडेवर नातू होता. स्वयंपाकघरात देव्हारा, आणि फ्रीजपुढे रबरी चपलांचा जोड. बाई चपला घालायच्या, शेजारणीचं दार वाजवावं तसं बोटाच्या पेरानं फ्रीजवर टकटक करायच्या आणि मगच तो उघडायच्या.

"ह्याच्यापायी देवाम्होरं चपला घालाव्या लागत्यात," त्या म्हणाल्या. "आमचं सोडा. पण ह्यो पोरगा आता काहीबी धरून उभा ऱ्हातोय."

म्हणून नातवाला त्या कडेवरून उतरवतच नव्हत्या.

फ्रीज धडधाकट होता. सॉकेटला मात्र अर्थिंगच मिळत नव्हतं. अंगणात नवे ब्लॉक बसवताना गवंड्यानं जमिनीत जाणारी अर्थिंगची तार तोडली होती. मेन स्विच बंद करून मी ती जोडली आणि पुन्हा मोजून पाहिलं. सगळं ठीक होतं.

बाईंनी चपला काढल्या आणि अख्खा तळहात फ्रीजवर टेकवला. बराच वेळ तो तसाच ठेवला. मग चपला उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवल्या, ओल्या फडक्यानं ती जागा पुसली आणि नातवाला खाली सोडलं.

तो रांगत थेट फ्रीजकडे गेला. आम्ही दोघांनीही त्याला अडवलं नाही.