गिरणीतली पोस्टकार्डं

भोकरला आमची पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत बायका बाकड्यावर बसतात, आणि बसलेल्या बाईला काही काम दिलं नाही तर ती दुसरीच्या सुनेवर घसरते. म्हणून मी त्यांच्या हातात पोस्टकार्ड द्यायचे. मजकूर मीच लिहून ठेवलेला असे: कुत्र्यामांजरांची नसबंदी करून घ्या असं सांगणारं टपाल तिकीट सरकारनं काढावं. खाली फक्त सही करायची.

हे खूळ तसं लहानपणापासूनचं. वडिलांना येणाऱ्या पत्रांवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचं तिकीट असायचं. आई त्यावर बोट ठेवून आजीला म्हणायची, "बघा, सरकारबी हेच सांगून राहिलंय." आजीचा आणखी एका नातवाचा हट्ट तेवढ्यापुरता थांबायचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आमच्याकडं सरकारी शिक्का लागतो. माझ्या मांजरीचं ऑपरेशन बहिणीनं लातूरला करून दिलं, तेव्हा सगळी गल्ली मला पापीण म्हणत होती.

पुरुषांनी तर चेष्टाच मांडली. "कुत्र्याला पत्र कोण पाठवतंय ओ वहिनी?"

"तुम्हाला तरी कोण पाठवतंय?" मी म्हणायचे. हसत हसत सह्या व्हायच्या. अडून बसल्या होत्या त्या एकट्या समोरच्या काकू.

काकू विधवा, घरात दुसरं कुणी नाही. त्यांच्या ओसरीवर एक पांढरी कुत्री असायची. ती व्याली की गल्लीतली लेकरं घरोघर फिरून गूळ-तेल मागून आणत, पीठ माझ्या गिरणीतून जाई, आणि काकू तिला शिरा करून घालत. बाळंतिणीला करतात तसाच. चार दिवस कौतुक चाले. मग पिलं दुडदुडायला लागली की कुणीतरी पोत्यात भरून हिमायतनगरच्या रस्त्याला सोडून येई, आणि कुत्री त्यांना शोधत दारोदार हुंगत फिरे. मला तिच्याकडं बघवत नसे. संताप यायचा, शिऱ्याला गूळ देणाऱ्यांचा आणि पोतं बांधणाऱ्यांचा, कारण बरेचदा घर तेच असायचं.

"काकू, यंदा हिला मी लातूरला नेते. ऑपरेशन करून परत आणते."

"न्हाई माय. लेकुरवाळीची कूस कापायची व्हय? मला लेकरू झालं न्हाई. हिला तरी होऊ दे."

तरीही मी गाडी ठरवली. गाडी दारात आली त्या सकाळी काकूंनी कुत्रीला घरात घेतलं आणि आतून कडी लावली. मी दार वाजवत राहिले, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. शेवटी गाडी रिकामी गेली.

काही दिवसांतच कळलं, कुत्री पुन्हा गाभण होती. या खेपेला व्याल्यावर ती पिलांजवळ कुणाला येऊ देईना. शाळेला निघालेल्या एका पोरीच्या पोटरीचा लचका तोडला तिनं. पोरीच्या घरच्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही; इंजेक्शनाला नेताना तिचं रडणं गिरणीपर्यंत ऐकू यायचं. गल्लीतले पुरुष पारावर बसून काहीतरी बोलायचे आणि मी जवळून गेले की विषय बदलायचे.

काकूंनी नेहमीसारखा शिरा केला. गार व्हायला ताट ओसरीवर ठेवलं आणि पाणी आणायला आत गेल्या. तेवढ्यात त्यात कुणी काय कालवलं, ते अजून कुणी सांगत नाही. काकू बाहेर आल्या आणि "यू यू" करत आपल्या हातानं ताट तिच्यापुढं सरकवलं. परक्यानं टाकलेला तुकडा त्या दिवसांत ती हुंगतही नव्हती. काकूंचं मात्र तिनं चाटूनपुसून खाल्लं.

आरडाओरडा ऐकून मी धावले, तेव्हा ती पाय झाडत होती आणि पिलं तिला लुचतच होती. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस येईपर्यंत सगळं संपलं होतं. काकू कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत राहिल्या. डोळे न उघडताच पिलं एकामागं एक गेली.

त्यानंतर मी कार्डं वाटणं सोडून दिलं. पाठवलेल्या कार्डांना उत्तर नव्हतं, तिकीट तर नव्हतंच. एका दुपारी काकू दळण न घेताच गिरणीत आल्या आणि बाकड्यावर बसल्या.

"तुझी ती कार्डं हायत का?"

"आहेत."

"अंगठा चालतो?"

सही न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मी शाईची डबी ठेवलेली होती, ती काढली. त्यांनी एका कार्डावर अंगठा उठवला. मग दुसरं ओढलं. मग तिसरं.

"काकू, एका माणसाचं एकच कार्ड चालतं."

"एक माजंच हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बाकीची तिच्या लेकरांची."

मी आणखी कार्डं काढून त्यांच्यापुढं ठेवली.