माडीवरचा मंगळ

नातवंडांनो,

हे आत्ताच का लिहिते, ते थोरलीला ठाऊक आहे. वाळवंटात बांधलेल्या एका बंद घुमटात वर्षभर राहायचं आणि मंगळावर राहण्याचा सराव करायचा, असा अर्ज तिनं भरला आहे. सोबत घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं संमतीपत्र लागतं आणि ते रविवारपर्यंत पोहोचायला हवं. तिच्या आईनं साफ नकार दिला आणि मला फोन केला. "आई, तुझं ऐकते ती. चार ओळी लिहून टाक, जाऊ नको म्हणून." धाकट्यानंही हे वाचावं. आज ना उद्या तोही असलंच काहीतरी काढणार.

मी लिहिणारच होते. पण शाळेत इंग्रजी निबंध शिकवताना मुलींकडून मी जन्मभर एकच घोकून घेतलं: आधी पुरावा, मग मत. म्हणून आधी आपणच चार दिवस जाऊन बघावं असं ठरवलं. मंगळ लांब असल्यामुळे माडीवरची खोली घेतली.

तुमचे आजोबा एका पायावर तयार. माणसानं मंगळावर गेलंच पाहिजे, असं ते निवृत्त झाल्यापासून सांगत आहेत. "अगं, तिथं उणे साठ अंश असतं," ते म्हणाले. आमच्याकडे बेचाळीस होतं. मी म्हटलं, "मग मे महिन्यात तरी जायला हरकत नाही."

नियम मी वहीत लिहून काढले. खाली उतरायचं नाही. दारं-खिडक्या बंद. पाणी दोन हंडे, मोजून. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते. यानवाल्यांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. संडास माडीवर आहेच, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

पृथ्वीचं काम शेजारच्या अक्कांकडे दिलं. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. चिठ्ठ्यांसाठी खिडकीतून दोरीला टोपली सोडली. मंगळावरचा निरोप पोहोचायला वीसेक मिनिटं लागू शकतात, म्हणून प्रत्येक चिठ्ठी वीस मिनिटं धरून ठेवायची, असं मी त्यांना बजावलं. अक्कांनी ते फारच मनावर घेतलं.

आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे. पाण्याचा दिवस टाळूनच मी तारखा धरल्या होत्या. पण पाण्यानं माझी वही वाचलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली घागरी वाजू लागल्या. आजोबा ताठ बसले.

"ऐकलंस? नळ आलाय."

"मंगळावर घागरी ऐकू येत नाहीत."

"अगं, तासभर टिकेल की नाही शंका आहे!"

त्यांनी खिडकी फटीएवढी उघडली. अंगणात अक्का उभ्या होत्या, एका हातात आमची सकाळची चिठ्ठी, दुसऱ्या हातात मोबाइल, नजर घड्याळावर.

"अक्का, पाणी आलंय का?"

अक्कांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "बोलू नका की काका. अजून अकरा मिनिटं हायत."

आजोबांनी कडी काढली. मी वही उघडून दाखवली. "बाहेर हवा नाही. नियमाप्रमाणे तुम्ही मेलात."

"मेलो तर मेलो. टाकी भरून घेतो."

आणि गेले ते गेलेच. दुपारी टोपलीतून त्यांची चिठ्ठी आली: "पृथ्वीवर कैरीचं पन्हं आहे. खाली ये." मी वीस मिनिटं थांबून उत्तर पाठवलं: "नाही."

आता पुढचं थोरलीसाठी.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्लॅब तापला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चिठ्ठी लिहिली, भिंतीला धरून टोपलीपर्यंत गेले, आणि तिथं लक्षात आलं की कोणी धावून यायचं तर वीस मिनिटांनी येणार. अक्का नियम मोडणार नाहीत याची मला खात्री होती. चिठ्ठी सोडलीच नाही. पंचा भिजवून डोक्यावर घेतला, फरशीवर आडवी झाले, साखर-मीठ घातलेलं पाणी घोटघोट प्यायले. त्या वेळी मी खरंच घाबरले होते. हे आजोबांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

म्हणजे तुझ्या आईला हवा होता तो पुरावा मला मिळाला. संकटात आपलं माणूस हाकेच्या अंतरावर नसेल, तर तो धोका खराच. पण निबंधात अर्धाच पुरावा लिहिणाऱ्या मुलीला मी कधी मार्क दिले नाहीत. तासाभरानं बरं वाटलं. कडी हाताशी होती आणि मी ती काढली नाही. उद्या काय होतं ते मला बघायचं होतं. या वयात! चौथा दिवस मी पुरा केला, खिडकी उघडी ठेवून. तेवढा एक नियम मी मोडला.

माणसानं दुसऱ्या ग्रहावर जावं का, असं विचारशील तर माझं मत आहे, जावं. पण आधी परत यायची सोय करून. ज्यांना ती सोय न करताच माणसं पाठवायची घाई आहे, त्यांनी पहिल्या यानात स्वतः बसावं. घुमटाला दार आहे आणि ते आतून उघडतं, हे मी अर्जासोबतच्या माहितीत दोनदा वाचून खात्री करून घेतलं. तुझ्या आईला घुमटाची भीती नाही. तिथून बाहेर आलीस की खऱ्या यानात बसशील, ही तिची भीती आहे. मलाही आहे. पण ते भांडण तेव्हा भांडू.

संमतीपत्र मी आज सकाळी सही करून पाठवलं. तुझ्या आईला त्याची प्रत पाठवली आणि सोबत एका पोस्टकार्डाचा फोटो. ती पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा जाऊ नको म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. पोहोचल्यावर तिनं लिहिलं होतं, "आई, खोली लहान आहे. खिडकी उघडत नाही. ओळखीचं कोणी नाही. मजा येते आहे."

तिचा अजून फोन आलेला नाही. कार्ड माझ्याकडे आहे. शाई फिकट झाली आहे, पण अक्षर वाचता येतं.