शेऱ्याचा रकाना

मंदाचा फोन आला तेव्हा मी चुना भिजवत होते. "ताई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या तिच्या घराबाहेरून गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या गल्लीतले कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे वाचनालयात इतकी शांतता होती की बरणीत चुन्याचे बुडबुडे फुटल्याचा आवाजही येत होता. मंदाचे बाबा, म्हणजे आमचे काका, त्या दिवशी येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, दोन महिने ते अंथरुणालाच होते. तरी मी सवयीने त्यांचं स्टूल पुसून ठेवलं होतं.

काका म्हणजे हरिश्चंद्र पाटील, निजामपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयाचे बाइंडर. भिवंडीतल्याच कामतघरचे. तरुणपणी सायझिंगमध्ये सुताला खळ लावायचं काम करत. तिथल्या वाफेनं आणि कापसाच्या तुसानं छाती धरली, म्हणून वाचनालयात शिकाऊ बाइंडर म्हणून लागले. बारा वर्षांपूर्वी मी ग्रंथपालाची पदवी घेऊन इथे रुजू झाले तेव्हा मला सगळं येत होतं, निदान असं मला वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात मी एक जुनं मासिक उघडलं आणि त्याचं पान भाजलेल्या पापडासारखं माझ्या हातात मोडलं. मी घाबरून चिकटपट्टी शोधायला लागले. काकांनी माझ्या हातातून ती पट्टी काढून घेतली आणि थेट कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

"बाय, यो कागद फाटला न्हाय, यो आतून आंबलाय," ते म्हणाले. "लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. पोटात त्याच्या आम्ल हाय. आपन काय बी न करता तो आपला आपन जलत राहतो."

मी पुस्तकात आम्लधर्मी कागद हा शब्द वाचला होता, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. पण कागद आंबतो हे मला त्या दिवशी कळलं. काकांचा उपाय पान खाणाऱ्या माणसाला सुचावा तसाच होता, चुना. कळीचा चुना पाण्यात भिजवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी अलगद काढून घ्यायची. पांढऱ्या ट्रेमध्ये जाळीवर पान ठेवून त्या निवळीत बुडवायचं, म्हणजे चुना आम्ल मारतो, मग टीपकागदांच्या मध्ये वाळवायचं. फारच जर्जर असेल तर मागून मैद्याची पातळ खळ लावून तलम मलमल चढवायची. एरवी शेजारच्या लुमांनी आमचं टेबल दिवसभर थरथरत असायचं, म्हणून नाजूक काम फक्त शुक्रवारी. आणि सगळ्यात आधी शाईची परीक्षा. कोपऱ्यातल्या एका अक्षरावर पाण्याचा थेंब ठेवायचा, शाई पसरली तर त्या पानाला पाणी वर्ज्य. प्रत्येक पानाची नोंद वहीत पेन्सिलने व्हायची. कागद, स्थिती, उपचार आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो बहुतेक रिकामाच असे. "सगल्यावर बोलायलाच पायजे का?" असं ते त्यावर म्हणत.

त्यांच्या खणात एका वहीत एक पान होतं. सुमनकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या आधीच त्या गेल्या. चाळिशी उलटल्यावर त्या साक्षरता वर्गाला जायला लागल्या आणि वर्गाच्या परीक्षेत 'माझे घर' या विषयावर त्यांनी दहा ओळी लिहिल्या. आयुष्यात लिहिलेलं तेवढंच. चौथी ओळ मला पाठ आहे, 'माझा नवरा फाटलेला कागद जोडतो आणि आमचं भांडण पण तोच जोडतो.' परीक्षेचा तो कागद सगळ्यात हलका, कडांना चहाच्या रंगाचा झालेला. मी काकांना विचारलं होतं, सगळ्या गावाचे कागद वाचवता, मग या पानाचं काय? ते म्हणाले, "शाईपेनाची शाई हाय, पान्यात पसरते. ते शेवटी. हात अजून बसला न्हाय." मला वाटलं, माणूस भावनेत अडकलाय, त्याच्याने हे होणार नाही.

मी रुजू झाल्यावर दोन वर्षांनी काका निवृत्त झाले. काकांच्या निवृत्तीला काय द्यावं याचा मी खूप विचार केला होता. आदल्या दिवशी ते बाहेर गेलेले असताना मी ते पान वहीतून काढलं आणि बाजारातल्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं. आमच्याकडे माणसं रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करतात. माझा स्वतःचा शाळेचा दाखलाही तसाच आहे. दुकानदार म्हणाला, "जिंदगीभर की गॅरंटी, मॅडम." गरम रुळांमधून सुमनकाकूंचं पान बाहेर आलं तेव्हा ते इतकं गुळगुळीत, इतकं चकचकीत दिसत होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. पदवीवाली ग्रंथपाल मी...

निरोप समारंभात सगळ्यांसमोर मी ते काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. प्लास्टिकच्या कडेवरून अंगठा फिरवला, चारही बाजूंनी, अगदी सावकाश. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान केलंस, बाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतरही ते दर शुक्रवारी येतच राहिले. वर्षभराने मला मुंबईला कागद जतनाच्या एका कार्यशाळेला पाठवलं. तिथल्या बाईंनी लॅमिनेट केलेले जुने कागद दाखवले आणि शांतपणे सांगितलं की हे आता कोणीही परत सोडवू शकत नाही. उष्णतेने कागद आणखी म्हातारा होतो, आम्ल आतल्या आत कोंडून राहतं. भिवंडीत उतरले ती थेट वाचनालयात आले. काका मलमल कापत होते. "काका, ते पान..." मी एवढंच म्हटलं, तर ते म्हणाले, "चा घे आधी. दमलीस." मी चहा प्यायले आणि पुढे बोललेच नाही. नऊ वर्षं त्याबद्दल बोलले नाही. काकांना माहीत होतं का? निवळी काढताना, खळ ढवळताना हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात असायचा. कधी वाटायचं, त्यांचं सगळं शिक्षण हातांचं, प्लास्टिकचं त्यांना काय कळणार! आणि मग कोणीतरी आजोबांचं पत्र घेऊन यायचं, लॅमिनेट करू का विचारायचं, तेव्हा काका मान हलवून म्हणायचे, "नको रं बाबा, कापडाच्या पिशवीत ठेव." त्या वेळी ते माझ्याकडे बघत नसत. मुद्दाम बघत नसत की काय, असं वाटून मी रजिस्टरमध्ये डोकं घालायचे.

मी काकांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांना दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. त्यांनीच विचारलं, "निवली बदललीस का?" मी हो म्हटलं. "मग बरं हाय," म्हणाले आणि डोळे मिटले. मी त्यांचा हात धरून बसले आणि भित्र्यासारखी घरी परत आले.

बाराव्यानंतर मंदा एक पत्र्याची पेटी घेऊन वाचनालयात आली. "बाबा बोल्ले व्हते, ही ताईंना दे." पेटीत ब्रश, घडी दाबायची हाडाची पट्टी, निवृत्तीच्या वेळी त्यांनी घरी नेलेली दुरुस्तीची जुनी वही आणि कागदाच्या पट्ट्यांचं एक पुडकं होतं. शंभर तरी पट्ट्या असतील. परीक्षेचाच हलका कागद, तीच निळी शाई, आणि प्रत्येकीवर काकांच्या अक्षरात एकच ओळ, 'माझा नवरा फाटलेला कागद जोडतो.' मागे पेन्सिलने लिहिलेलं होतं, शाई पसरली... शाई पसरली... शाई फिकी पडली. मग त्यांनी पाणी सोडून दिलेलं दिसत होतं, पुढच्या पट्ट्यांमागे नवी रीत लिहिलेली होती. निवळीत भिजवून वाळवलेल्या कोऱ्या कागदांमध्ये पट्टी दाबून ठेवायची, महिनोन्महिने, म्हणजे चुना हळूहळू कोरडाच आत उतरतो. शेवटच्या पट्टीवर त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यातली तारीख होती. मागे लिहिलं होतं, 'जमलं. येत्या शुक्रवारी सुमनचं पान.'

मी पान नेलं तो दिवस गुरुवार होता.

पेटीच्या तळाशी पुठ्ठ्याची एक पेटी होती, त्यांनीच बेतून केलेली, सुती फितीने बांधलेली. आत ते पान. प्लास्टिक अजून चकचकीत आहे, आतला कागद गडद तपकिरी झालाय. चौथी ओळ मला पाठ आहे म्हणून वाचता आली. मग मी वही उघडली. निवृत्तीच्या दिवसाचीच नोंद, तेच पेन्सिलचं अक्षर. कागद : परीक्षेचा, हलका. स्थिती : लॅमिनेट. उपचार : शक्य नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'देणारीस कळू देऊ नये. पोर मायेने घेऊन आली.'

मंदा शेजारीच उभी होती. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिला वाटलं, काकांसाठी रडतेय.

वही आता माझ्या टेबलावर असते. आजही शुक्रवार आहे, लूम बंद आहेत, टेबल जरासुद्धा हलत नाही. त्या शेऱ्याखाली एका ओळीची जागा उरली आहे. देणारीला कळलंय, काका... एवढंच तिथे लिहायचं आहे. तीन शुक्रवार झाले, मी पेन्सिलीला टोक काढते, हात धुऊन कोरडे करते आणि वही मिटून ठेवते.