इंग्लंडातलं माझं गाव

जव्हारला इंटरनेटचं पहिलं दुकान निघालं, ते दोन हजार सालाच्या पुढेमागे. मी तेव्हा सूर्यमाळच्या बाजूला एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवत होते. शनिवारी शाळा लवकर सुटायची. मग जीपने मोखाडा, मोखाड्याहून एसटीने जव्हार, आणि वीज असलीच तर तासभर कॉम्प्युटर. नसली तर दुकानवाल्याशी गप्पा मारून आल्या पावली परत. एवढा खटाटोप करून मी तिथे काय पाहायचे, तर परदेशात इंग्रजीच्या मास्तरांना मागणी कुठे आहे ते.

जायची हौस होतीच, खोटं कशाला बोलू. पण हौसेपेक्षा माझा चौकसपणा मोठा. 'हिला नसत्या चौकशा फार,' असं आई पाहुण्यांनाही सांगायची. थायलंड, कोरिया, ओमान असं करत मी जाहिराती वाचायचे आणि प्रत्येकीच्या शेपटाला एकच अट असायची, नेटिव्ह स्पीकरच हवा. इतिहासाच्या पुस्तकात इंग्रज आपल्याला नेटिव्ह म्हणायचे. आता नेटिव्ह म्हणजे ते झाले होते आणि आपण पुन्हा बाहेरच. मला राग येण्याऐवजी गंमत वाटली. एका शाळेला मी सरळ लिहून विचारलं, माणूस नेटिव्ह आहे की नाही हे तुम्ही कसं ओळखता? उत्तर आलं, पासपोर्ट पाहून. म्हणजे जीभ दाखवायची गरजच नव्हती.

मग मी उलट विचार करायला लागले. आमच्या डोंगरात तरी कोण कशाचं नेटिव्ह आहे? माझ्या वर्गातली पोरं घरी आपापल्या बोलीत बोलायची. मराठी त्यांना पहिलीच्या वर्गात भेटायची, तीही पुण्याच्या पुस्तकातली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली पोरं येताना हिंदी घेऊन यायची. तिकडे त्यांना कोणी धडा दिलेला नसायचा. त्यामुळे इंग्रजी शिकवताना मराठीत अर्थ सांगायचा, ही आमच्या खात्याची रीत माझ्या वर्गात चालतच नव्हती. एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या परक्या भाषेत सांगून पोरांच्या पदरात काय पडणार?

पहिले काही महिने वर्ग नुसता गप्प बसायचा. मग एका पावसाळ्यात एक मुलगी ओढ्यातला खेकडा फडक्यात बांधून वर्गात घेऊन आली. जेवायच्या सुट्टीत भाजून खायचा बेत होता. फडकं सुटलं, खेकडा बाकांखाली पळाला आणि त्या गोंधळात मी इंग्रजीत ओरडले. धरा, सोडा, चावेल, तिकडे गेला, माझ्याकडे द्या. कोणालाच अर्थ विचारावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं तेच शब्द आपसात भांडताना वापरत होती. तेव्हापासून मी धडा बाजूला ठेवून वस्तू आणायला लागले. नागलीचं कणीस, दगड, कोयता, कोंबडीचं पिल्लू. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, बाई, शाळा आहे की बाजार? मी म्हटलं, बाजारात पोरं बोलतात तरी.

नकार येत राहिले. 'तुमचा उत्साह आवडला' असं बहुतेकजण लिहायचे. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेले लोक 'कळवतो' म्हणून जातात, तसंच ते. माझी तिशी जवळ आली होती, आश्रमशाळेतली जागा कायम होत नव्हती, आणि एकदा तरी दुसऱ्या देशातल्या मुलांसमोर उभं राहून पाहावं, ही इच्छा आता हौस म्हणण्यापलीकडे गेली होती. मला ते काम हवंच होतं.

अशात उत्तर थायलंडमधल्या एका खासगी शाळेने फोनवर बोलायचं ठरवलं. घरी फोन नव्हता, म्हणून मी दुकानाशेजारच्या बूथचा नंबर दिला होता. पलीकडे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांचं इंग्रजी ऐकून मला बरं वाटलं. माझ्यासारखंच शिकून घेतलेलं, शब्द तपासून पुढे टाकणारं. त्यांनी माझे उच्चार तपासले नाहीत. त्यांनी विचारलं, आमच्याकडे डोंगरातली मुलं येतात, त्यांची घरची भाषा वेगळी, वर्गात ती तोंड उघडत नाहीत, तुम्ही काय कराल? मी त्यांना खेकड्याची गोष्ट सांगितली. त्या एवढ्या हसल्या की बूथवाल्यालाही ऐकू गेलं. पुढच्या शनिवारी परत फोन करते म्हणाल्या.

तो फोन आला, आणि जागा माझी होती. फक्त एक छोटीशी गोष्ट होती. परदेशी शिक्षक आहे म्हणून पालक शाळेत मुलं घालतात, तेव्हा मी इंग्लंडमध्ये जन्मले आणि वाढले असं सांगायचं. रंगाचं आम्ही समजावून सांगू, म्हणाल्या. आठवड्याने कळवा.

आता वाटतं तिथल्या तिथे चिडायला हवं होतं. मी चिडले नाही. मी घरी येऊन भावाचा जुना नकाशा काढला आणि इंग्लंडात स्वतःसाठी गाव शोधायला बसले. लंडन नको, लंडनला कोणीतरी गेलेलं असतं. समुद्राकाठचं नको, कारण मला पोहता येत नाही. शेवटी उत्तरेला डोंगराळ भागात एक बारीक अक्षरातलं गाव धरलं. तिथे मेंढ्या असणार असं ठरवलं, पाऊस तर असणारच. म्हटलं, सूर्यमाळच्या बकऱ्यांच्या जागी मेंढ्या घातल्या की काम भागलं. मला खरंच मजा येत होती.

बाबांना हे मी हसत हसत सांगितलं. ते मागच्या ओट्यावर वरई निवडत बसले होते. बाबा मूळचे आमच्याच डोंगरातल्या वांगणीचे, घरी बोलीच बोलणाऱ्यांतले. शिकले, मोखाड्याला पंचायत समितीत कारकून झाले, आणि आम्ही भावंडं क्वार्टर्समध्ये वाढलो. घरातलं मराठी असं की पाहुणे विचारायचे, तुम्ही नाशिककडचे का? ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी नोकरीभर हेच केलं," ते म्हणाले. "मी वांगणीचा आहे हे हापिसात कोणाला कळू दिलं नाही. बोलीतला एक शब्द तोंडातून निघू दिला नाही. सोपं असतं ते, जमेल तुला."

मग म्हणाले, "थोरला भाऊ एकदा दाखल्यासाठी आला. सगळ्यांसमोर आपल्या बोलीत हाक मारली त्याने. मी त्याला मराठीत विचारलं, काय काम आहे? परका माणूस आल्यासारखं. त्याने मुकाट्याने काम सांगितलं. त्यानंतर मी घरी गेलो तरी तो माझ्याशी मराठीतच बोलायला लागला. कधी आलात, बसा, म्हणतो. अजून तसंच म्हणतो."

मला ते डोळ्यांसमोर दिसलं, कारण मी ते लहानपणापासून पाहत आले होते. मोठे काका सगळ्यांशी, कुत्र्याशीसुद्धा, बोलीत बोलायचे आणि बाबा आले की सावरून मराठीत. बाबांना अहो-जाहो करायचे. धाकटा भाऊ शिकलेला, म्हणून मान देतात, असं मला वाटायचं. एवढ्या चौकशा करणाऱ्या मला ही एक चौकशी करावीशी वाटली नव्हती. त्या संध्याकाळी मला बाबांची फार कीव आली, आणि काकांची त्याहून जास्त. बाबांनी मला जाऊ नको म्हटलं नाही. सूप उचलून ते परत निवडायला लागले.

शनिवारी मी बूथमध्ये उभी राहिले. जागा हातची जाणार हे मला दिसत होतं, आणि ती मला अजूनही हवी होती. मी मुख्याध्यापिकांना सांगितलं की मी येईन, पण माझ्या गावाची म्हणून येईन. इंग्रजी माझी घरची भाषा नाही, ती मी शिकले, असंच सांगेन.

त्या म्हणाल्या, "मग पालकांना मी काय सांगू?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. जे सुचलं ते बोलले. "सांगा, हिलाही एकेकाळी इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता."

लाइन तुटली असं समजून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग त्या बोलल्या, पण आवाज खाली आणून, खोलीत दुसरं कोणी असल्यासारखं.

"माझ्या आईला थाई येत नाही," त्या म्हणाल्या. "ती वरच्या डोंगरातली आहे. हे इथे कोणालाच माहीत नाही."

मी विचारलं, आई कुठे असते? गावातच असते, म्हणाल्या, शाळेत कधी येत नाही. मग नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, तुम्ही कधी निघू शकाल? मी म्हटलं, पोरांच्या परीक्षा झाल्या की.