एकदा डोळ्यांत थेंब पडले की

आमच्या मुलुंडच्या क्लिनिकमध्ये डोळ्यांत थेंब टाकले की पेशंटला बाहेर बसवून ठेवावं लागतं. जवळचं दिसत नाही, म्हणजे मोबाईल बंद! मग माणूस बोलणार नाही तर काय करणार? नजर तपासायचं काम माझं आणि ऐकायचंही माझंच. असे किस्से साचत जातात.

*

एका सोसायटीत शुगर तपासणीचं शिबिर होतं. आमच्या डॉक्टर मॅडमचं भाषण झालं, टाळ्या पडल्या आणि सेक्रेटरींनी जिलेब्या फिरवल्या. मॅडम बघतच राहिल्या.

सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले, "टेन्शन नको मॅडम, शुगरवाल्यांना अर्धी अर्धीच दिलीय!"

*

थेंबांनंतर धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणालातरी आणा, असं आम्ही फोनवर बजावतो. कांबळे सर आणि बाई, नवरा-बायको दोघांनाही डायबेटिस. एकाच दिवशी आले, दोघांच्याही डोळ्यांत थेंब पडले. निघताना मी विचारलं, "सोबत कोण आलंय?"

सरांनी बाईंकडे बोट दाखवलं, बाईंनी सरांकडे!

शेवटी मीच दोघांना रिक्षात बसवलं. बाई म्हणत होत्या, "तरी मी सांगत होते, माझ्या भरवशावर राहू नका!"

*

सावंतकाकांना मात्र काकूंनी ओढूनच आणलं. काका रोज नातीला माशाचे काटे काढून भरवायचे. एकदा काटा राहिला आणि तिच्या घशात टोचला. तेव्हापासून त्यांनी भरवणंच सोडलं होतं. तरी हेका कायम, "माका सगळा दिसता!"

मी अक्षरांचा बोर्ड लावला. काकांनी अगदी खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मला शंका आली, मी बोर्डाचा दिवा बंद केला.

काका वाचतच होते! बाहेर बसून, बाकीच्यांचं ऐकून सगळा बोर्ड पाठ केला होता.

मग खुर्चीतच रडले. "डोळ्यात सुई मारतलात ना गो?"

डायबेटिसने डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. मॅडम स्पष्ट म्हणाल्या, "काका, आणखी थांबलात तर नातीचा चेहराही दिसणार नाही."

काका इंजेक्शनला तयार झाले. पुढचे काही महिने येत राहिले, दर वेळी काकूंचा हात घट्ट धरून.

*

परवा काका एकटेच आले. मॅडमच्या टेबलावर डबा ठेवला. आत तळलेले पेडवे मासे, काटे काढून मोकळे केलेले. "एक जरी काटो गावलो तर सांगा!"

आमच्या मॅडम घरात अंडंही न आणणाऱ्या! मी मध्ये पडणार, तेवढ्यात त्यांनी हातमोजे चढवले, भिंग आणि टॉर्च घेतली आणि डब्यावर वाकल्या. काका श्वास रोखून उभे.

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या. "आता नातीला द्या."

"तिका भरवूनच इलंय," काका म्हणाले.