लिंबावरचा आवाज

मुकुटबनकडच्या उकंडाला दोन गोष्टी झकास येत : औत हाकणं आणि दंडारीत राजा होणं. दंडार म्हणजे उघड्यावरचं नाटक. पडदा नाही, मंच नाही, चारी अंगांनी माणसं बसलेली. म्हणून राजानं प्रत्येक वाक्य चारदा म्हणायचं, दर वेळी एकेका बाजूला तोंड करून. नाहीतर मागचे म्हणणार, आमचा काय राजा मेला? उकंडानं नुसतं 'प्रधानजी' म्हटलं की शेजारच्या गावची कुत्री हजेरी देत. घरी भाजीत मीठ कमी पडलं, तरी तो ते चारी दिशांना कळवी.

बायको रुखमाबाईनं मात्र त्याला राजा झालेला कधी पाहिलं नव्हतं. दंडार परगावी, घरी गुरं, पोरं.

छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीनं राजे-प्रधान सोडले. बासष्टच्या जयंतीला धर्मपाल मास्तरनं नवं नाटक लिहिलं, बाप पोरीला शाळेत घालतो त्याचं. त्यातलं मोठं भाषण खरं तर रुखमाबाईचं. लेक नलूचं नाव घालायला शाळेच्या दारात उभी राहून ती जे बोलली होती, ते उकंडानं शब्द न शब्द सांगून लिहवून घेतलं होतं.

"माह्यं बोलणं तुमच्या तोंडी कसं दिसते, मले पाहाचं हाय," ती म्हणाली.

वणीहून मायक आला. भोंगा लिंबाला बांधला.

"मामा, या दांड्यापासून हलाचं नाही," धर्मपालनं बजावलं. "हललात का आवाज गेला."

"अन् मागं बायका बसल्या, त्याहिनं काय पाहावं?"

"भोंगा हाय नं त्याहिले!"

पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, मागं बायका. पहिलं वाक्य संपलं तसे उकंडाचे पाय सवयीनं वळायला निघाले. बुजरा बैल दाबून धरावा तसे त्यानं ते जागच्या जागी दाबून धरले. भाषण संपलं. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी उठून हार घातला.

घरी येताच त्यानं विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. आवाज लिंबावरून ये, म्हून म्या सारा वेळ लिंबाकडेच पाह्यलं. तुमची पाठ तं रोजचीच हाय." जरा थांबून ती म्हणाली, "सकाळी आंगणात एकडाव म्हणून दाखवा नं."

उकंडाच्या गळ्यात हार होता. "आंगणात?" तो म्हणाला, "मायकाबिगर?"

उभी हयात उघड्या माळावर ओरडलेला माणूस हा! रुखमाबाई हसली, आणि पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

पुढं तो राजूरच्या खाणीत लागला. आधीच घसा वापरून झिजलेला, त्यात कोळशाची धूळ. आवाज बसला तो बसलाच. हाक मारली तर बैलही वळून बघेनात.

अडुसष्ट साली एका दुपारी रुखमाबाई अंगणात तूर पाखडत होती. उकंडा काही न सांगता उठला. छाती काढली, हात उचलला आणि तिचंच भाषण सुरू केलं. ओठ हलत होते, घशातून नुसती खरखर. तो एका बाजूला वळला, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथीला ती होती. तिथं तो फार वेळ उभा राहिला.

तिनं सूप खाली ठेवलं. डोळ्यांना पदर लावला.

"आवाज तवा आयकला, तोंड आता पाह्यलं," ती म्हणाली. "झालं का नाही पुरं?"

"नाही," उकंडा म्हणाला.

पण ते सुपापर्यंतसुद्धा पोचलं नाही.