अंगठ्यातलं पोलाद

नाडीकाकांच्या पँटला पट्टा नव्हता, नाडी होती. पट्टा म्हटला की बक्कल आलं, बक्कल म्हटलं की लोखंड आलं, आणि लोखंडाशी काकांचं गेली एकतीस वर्षं हाडवैर. चष्म्याची फ्रेम प्लॅस्टिकची, तिचा स्क्रू पितळेचा. बूट कापडी, कारण चामड्याच्या बुटाच्या तळाशी पोलादाची पट्टी असू शकते. ही माहिती ते भेटेल त्याला न विचारता देत. लग्न झालं त्याच वर्षी ही नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी बायकोच्या केसांतल्या पिना तपासायला घेतल्या. "माझ्याकडे नंतर बघितलं, आधी पिनांकडे," असं काकू अजून पाहुण्यांना सांगतात.

काम तसं सांगायला सोपं. सूर्यापासून सतत एक वारा सुटलेला असतो, विजेचा भार असलेल्या बारीक कणांचा. तो आपल्याबरोबर चुंबकत्वही ओढून नेतो. वाटेतला ग्रह त्याला कसा अडवतो, की त्याच्यापुढे उघडा पडतो, हे मोजायला यान पाठवतात. पण हे चुंबकत्व इतकं क्षीण, की आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं त्याच्या दहा हजार पट भरावं. यानातच एखादा चुंबकी स्क्रू राहिला तर यंत्र ग्रहाचं सोडून त्या स्क्रूचंच पुराण लावून बसणार. म्हणून यंत्राचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चिमटा काकांच्या हाताखालून जायचा. दोष सापडला की ते जाड वहीत लिहीत: वस्तू कोणती, दोष कुठे, उपाय काय. उपायाच्या रकान्यात त्यांचे दोन शब्द ठरलेले होते. बाहेर ठेवला.

तपासणी चालायची रस्त्यापासून दूर, एका लाकडी घरात. त्या घरात लोखंडाचा एक खिळा नाही. खुंट्या लाकडी, बिजागऱ्या पितळी. आत माणसाहून उंच तांब्याच्या कड्या. त्यांतून वीज सोडली की मधल्या जागेपुरतं पृथ्वीचं चुंबकत्व पुसलं जायचं. त्या जागेत लाकडी फिरतं टेबल होतं. मोटरीत चुंबक असतो, म्हणून टेबल हातानं फिरवायचं. आकडे उमटायचे ते चाळीस पावलांवरच्या केबिनमध्ये, कारण कॉम्प्युटरला या घरात थारा नव्हता. दाराबाहेर बाक, बाकावर किल्ल्या-घड्याळं काढून ठेवायचा ट्रे, आणि दारावर काकांच्या अक्षरातली पाटी: 'लोखंड घेऊन आत येऊ नये. कोणीही.' 'कोणीही'च्या खाली दोन रेघा. एकदा मोठ्या साहेबांचा पट्टा त्यांनी दारातच काढून घेतला होता, आणि साहेब पुढचा तासभर एका हातानं पँट सावरत यंत्राची स्तुती करत होते.

या वर्षीचं यंत्र मात्र काकांच्या अगदी जिव्हाळ्याचं होतं. ते बनवणारी शास्त्रज्ञ आठ वर्षांपूर्वी इथं आली, तेव्हा काकांनी तिच्या कानातले, केसातले, अगदी ओढणीची पिनसुद्धा उतरवून घेतली होती आणि ती रडवेली झाली होती. आता ती काकांइतकीच खडूस झाली होती. तिचा सेन्सर आधीच्या सगळ्यांपेक्षा वीसपट तल्लख होता. ज्या ग्रहाकडे तो जायचा होता त्याला स्वतःचं म्हणावं असं चुंबकत्व नव्हतं, आणि सूर्याचा वारा त्याची हवा हळूहळू उडवून नेत होता. किती, ते तिला मोजायचं होतं.

आणि इथंच घोडं अडलं. शेवटच्या तपासणीत केबिनमधल्या पडद्यावर सरळ यायची ती आकड्यांची रेघ टेबलाच्या प्रत्येक वळणावर उचलली जाऊ लागली. फार नाही, चुंबकत्वाच्या मापानं दोन नॅनोटेस्ला. पण तिला जे मोजायचं होतं तेच मुळी पाच-सहा. तीन आठवडे सगळे डोळ्यांत तेल घालून शोधत होते. संशय आला तो सेन्सरच्या बंद पेटीच्या आतल्या जोडणीवर, जी तिनं हट्टानं निवडली होती. पेटी उघडायची तर पाच महिने हवेत, आणि त्या ग्रहाची वाट चार महिन्यांनी उघडून पुढं दोन वर्षं बंद होणार. म्हणजे यान तिच्या यंत्राशिवाय जाणार.

"उद्या दुपारी ठरवू," साहेब म्हणाले. बाकावर बसून तिनं घड्याळ मनगटावर चढवलं, तेही उलटं.

संध्याकाळी काका घरी चहाच्या कपाशी बसून उजवा अंगठा चोळत होते. काकूंनी बघितलं.

"अहो, थंडी आली वाटतं. तुमचं पोलाद बोलायला लागलं."

काकांचा हात तिथंच थांबला.

एकोणीस वर्षांचे असताना ते लेथवर कामाला होते. पोलादाचा एक कण उडून अंगठ्यात घुसला. मिस्त्रीनं सुईनं निघेल तेवढा काढला आणि म्हणाला, "उरला तो तुझा." पुढं जखम भरली, नोकरी बदलली, आणि काका तो विसरूनही गेले. आठवण होती ती फक्त थंडीला आणि बायकोला.

"काय झालं? चेहरा का असा पडला?"

"अगं, टेबल जागेवर धरणारी खिट्टी सैल झालीय," काका म्हणाले. "आकडा येईपर्यंत मी कडेला अंगठा दाबून धरतो."

सकाळी सगळ्यांच्या आधी ते लाकडी घरात गेले. मनात शंभर आकडे मोजत अंगठा सेन्सरजवळ धरला, मग शंभर आकडे दूर. असं तीनदा. मग केबिनमध्ये जाऊन पाहिलं. पडद्यावर तीन उंचवटे, एकाशेजारी एक. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पिना काढल्या, आणि स्वतः रोज पोलाद घेऊन पाटीखालून आत जात होते.

वाईट विचार आला नाही असं नाही. खिट्टी बदलायला अर्धा तास लागला असता. रेघ सरळ झाली असती, कुणाला कळलंही नसतं. पण वाकडी रेघ आपोआप सरळ झाली तर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? पेटी तरीही उघडलीच असती, आणि बोल त्या पोरीलाच लागला असता. तरी काका बराच वेळ तिथं बसून राहिले. त्यांना त्या घराच्या लाकडाचा वास आवडायचा, आणि तो आता आपल्याला मिळणार नाही हे त्यांना समजलं होतं.

ती आली तेव्हा काका दाराबाहेर बाकावर होते.

"आज टेबल तू फिरवायचंस," ते म्हणाले. "खिट्टी तशीच आहे. अंगठा दाबून धर, मी धरतो तसाच."

"मी? काका, तुम्ही तर कुणाला हात लावू देत नाही!"

"आज देतोय. जा. काही विचारू नकोस."

ती आत गेली, काका केबिनमध्ये. रेघ पहिल्या वळणावर आली, दुसऱ्या, तिसऱ्या. काका पडद्याला नाक लावून उभे होते. आपण चुकलेलं असावं आणि चुकलेलं नसावं, अशा दोन्ही प्रार्थना त्यांच्या मनात एकाच वेळी चालल्या होत्या. बाराव्या वळणालाही रेघ हलली नाही.

ती धावत आली. "काका, रेघ?"

"सुतासारखी सरळ." मग त्यांनी अंगठा पुढं केला आणि सगळं सांगितलं.

ती आधी हसली, मग तिला रडू आलं, आणि मग तिनं तो अंगठा दोन्ही हातांत घट्ट धरला. साहेबांना फोन गेला, दुपारची बैठक रद्द झाली. डॉक्टरांकडे जायचं का, तिनं विचारलं. कण नसेला चिकटून होता. काढायला जावं तर अंगठाच कामातून जायचा, असं लेथवर असतानाच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मग खिट्टी नवी बसवू," ती म्हणाली. "तुम्ही टेबलापासून लांब उभे राहा. त्यानं काय बिघडतंय? कोण बघायला येतंय?"

"पाटी कुणी लिहिली?"

"तुम्हीच."

"आणि खाली रेघा किती आहेत?"

काका बाकावर बसले, एका बाजूला किल्ल्या-घड्याळांचा ट्रे, मांडीवर जाड वही. अक्षर नेहमीसारखंच आलं. वस्तू: तपासनीस. दोष कुठे: उजव्या हाताचा अंगठा. उपायाच्या रकान्यापाशी ते जरा थांबले, चष्मा पुसला, आणि लिहिलं: बाहेर ठेवला.